मेच्या पहिल्या सकाळचं विरजण

खालच्या मजल्यावर लोणी काढायला सुरुवात झाली की वर आम्हाला ते ऐकूनच कळायचं. जर्मनीत स्टुटगार्टजवळच्या गेर्लिंगेनमधल्या त्या जुन्या घरातली जमीन लाकडी होती आणि नोरामावशींच्या स्वयंपाकघराच्या बरोबर वर आमचं स्वयंपाकघर होतं. आधी धप्प, धप्प असा जड आवाज यायचा, ओल्या मातीत कुणी मुसळ आपटावं तसा. मग तो हळूहळू पातळ व्हायचा, त्यात चुबुक चुबुक असं पाणी मिसळायचं. आई पोळी लाटता लाटता थांबून कान द्यायची आणि म्हणायची, "फुटलं बघ." रवीने घुसळणाऱ्या घरात वाढलेली ती. ताकापासून लोणी सुटतानाचा आवाज तिला कुठल्याही देशात ओळखू आला असता. थोड्या वेळाने खालून काठीचे दोन ठोके छताला बसायचे. ताक न्यायला या, असा त्याचा अर्थ. मी पातेलं घेऊन जिना उतरायचे आणि येताना निम्मं ताक जिन्यातच पिऊन टाकायचे. आईला ते माहीत होतं, म्हणून ती पातेलं मुद्दाम मोठं द्यायची.

नोरामावशी आमच्या घरमालकीण. मूळच्या आयर्लंडच्या, पश्चिमेकडच्या समुद्राकाठच्या कुठल्याशा खेड्यातल्या. तरुणपणी स्टुटगार्टला एका हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरात कामाला आल्या, इथल्याच एका सुताराशी लग्न केलं आणि इथल्याच होऊन राहिल्या. मूलबाळ नव्हतं आणि सुतारकाका जाऊन बरीच वर्षं झाली होती. खुब्याच्या दुखण्यामुळे त्या काठी घेऊन चालायच्या, आणि खुर्चीतून उठायला त्यांना दोन प्रयत्न लागायचे. माझ्याशी जर्मन बोलायच्या, आईशी इंग्रजी, कारण आईला तेव्हा जर्मन येत नव्हतं, आणि एकट्या असल्या की तिसऱ्याच कुठल्या भाषेत. ती कानावर पडली की बाबा म्हणायचे, ही बहुतेक माझीच नालस्ती चाललीय. आईने पहिल्याच महिन्यात त्यांना मावशी करून टाकलं. नात्याशिवाय हाक मारायची म्हटलं की तिची जीभच वळत नसे, आणि परक्या देशात तर तिला एखादी मावशी हवीच होती.

त्यांचं ते लोणी काढायचं भांडं म्हणजे एक उभं लाकडी पिंप होतं, वर निमुळतं, झाकणाला मध्ये भोक आणि त्या भोकातून आत गेलेला दांडा. दांड्याच्या खालच्या टोकाला भोकं पाडलेली चकती. आपली रवी गोल फिरते, यांचा दांडा वरखाली. पिंप त्यांच्या आईचं, जहाजातून आणलेलं. गावाच्या टोकाला एका शेतकऱ्याकडून त्या कच्चं दूध आणायच्या, वरची साय मातीच्या बरणीत साठवायच्या, ती आंबट झाली की घुसळायला बसायच्या. इथपर्यंत सगळं आपल्यासारखंच. पण त्या पिंपाभोवती जे नियम होते, ते मी पोथीसारखे पाठ केले होते. पिंपाखाली लोखंडाचा खिळा ठेवायचा. झाकणावर मिठाची चिमूट ठेवायची. बागेच्या कुंपणातल्या एका रानटी झाडाची डहाळी लाल दोऱ्याने पिंपाला बांधायची. आणि घुसळत असताना घरात जो कुणी पाऊल टाकेल, त्याने कामाला बरकत चिंतायची, दांडा हातात घेऊन निदान चारदा तरी घुसळायचं आणि मगच जायचं. तसं न करता जो जाईल, तो आपल्याबरोबर लोणी घेऊन जातो, पिंपात नुसतं पांढरं पाणी राहतं. या नियमाला कुणी अपवाद नव्हता. धुराडं साफ करायला आलेल्या, काजळीने काळ्याकुट्ट झालेल्या माणसाला मी तो दांडा वरखाली करताना पाहिलंय. टाय लावलेल्या बाबांनाही. बाबा इंजिनिअर. त्यांनी मावशींना लोणी येणं ही सगळी तापमानाची गोष्ट आहे हे कागदावर आकृती काढून समजावलं आणि वर एक थर्मामीटर भेट दिला. मावशींनी आभार मानून तो खिडकीपाशी टांगला आणि पुढे त्याच्याकडे कधी पाहिलं नाही.

सगळ्यात कडक नियम मे महिन्याच्या पहिल्या दिवसाचा. त्या दिवशी घरातून विस्तव जाऊ द्यायचा नाही, मीठ जाऊ द्यायचं नाही आणि पांढरं काहीही जाऊ द्यायचं नाही, ना दूध, ना साय, ना ताक. त्या सकाळी जो मागायला येईल, तो वर्षभराचं लोणी आणि घराचं दैव मागतो. मावशींनी मला एक गोष्ट सांगितली होती. त्या नऊ वर्षांच्या असताना शेजारची एक विधवा बाई बरोबर त्या सकाळी चुलीसाठी निखारा मागून घेऊन गेली. त्यानंतर घरात लोणी येईना. दिवस दिवस घुसळलं तरी नुसता फेस. शेवटी त्यांच्या वडिलांनी दाराला कडी घातली आणि नांगराचा फाळ विस्तवात लाल करायला ठेवला. लोखंड तापलं की लोणी नेणाऱ्याच्या पोटात आग पडते, आणि तो जिथे असेल तिथून दाराशी येतो, आत घ्या म्हणून विनवतो. दार उघडायचं नाही. उघडलं तर नेलेलं परत येत नाही. "मग?" मी विचारलं. मावशी म्हणाल्या, ती बाई आली. दाराशी येऊन कण्हत राहिली. एवढं सांगून त्या उठल्या आणि केटल ठेवायला गेल्या. मला गोष्ट तिथेच संपली असं वाटलं. पुढे कितीतरी दिवस खालच्या दाराची काच वाजली की मी आईजवळ जाऊन उभी राहायचे.

आमच्याच घरात तेव्हा भीती पाहुणी होऊन राहिली होती, हेही सांगायला हवं. आईचा आठवा महिना सरत आला होता. माझ्यानंतरचं एक बाळ पुण्यात असताना सातव्या महिन्यात गेलं होतं. मला ते धड आठवत नाही, फक्त रिकामा पाळणा माळ्यावर चढवतानाचा आवाज आठवतो. या वेळी त्याबद्दल कुणी चकार शब्द बोलत नव्हतं आणि त्यामुळेच सगळे सारखे त्याचाच विचार करत होते. बाबा जिन्यातला दिवा दिवसासुद्धा लावून ठेवायचे. आई तिन्हीसांजेला स्वतःवरूनच मीठमोहऱ्या ओवाळून घ्यायची आणि सिंकमध्ये टाकून नळ सोडायची, कारण चूल कुठून आणणार. मी रात्री झोपताना तिच्या पोटावर हात ठेवायचे आणि आत हललं नाही तर हललं म्हणून खोटं सांगायचे. आज माझी मुलगी मला विचारते, "आई, वारुम, तुम्ही एवढे कशाला घाबरायचात?" तिला काय सांगणार. ज्या घरातून एक बाळ गेलंय त्या घरातल्या अकरा वर्षांच्या मुलीला जगात कुठलाही नियम मोडायची हिंमत होत नाही.

आणि तरी मी मोडला. एप्रिलच्या शेवटच्या दिवशी आमचं दही नासलं. आईला त्या दिवसांत दहीभाताशिवाय काही पोटात ठरत नव्हतं, आणि दुकानातल्या डब्यातलं दही तिला चुन्यासारखं लागायचं. दुसऱ्या दिवशी एक मे, म्हणजे फायरटाग, सरकारी सुट्टी, सगळी दुकानं बंद. बाबा ड्युसेलडॉर्फला गेले होते. कारखाना सुट्टीला बंद असतो तेव्हाच मशीन खोलता येतं, त्यामुळे लोकांच्या सुट्ट्या म्हणजे त्यांचे कामाचे दिवस. सकाळी आईने माझ्या हातात स्टीलची वाटी दिली आणि म्हणाली, नोरामावशींकडून चमचाभर आंबट साय आण, विरजणापुरती. आपल्यात शेजारी विरजण मागणं यात कसली आलीय हरकत? तिन्हीसांजेनंतर दही-दूध देऊ नये एवढं तिला माहीत होतं, आणि म्हणून तर ती सकाळी नऊ वाजता पाठवत होती. मी म्हणायला हवं होतं की आई, आज नाही. पण असं म्हटलं असतं तर का ते सांगावं लागलं असतं, आणि घराचं दैव वगैरे शब्द आईपुढे त्या दिवसांत उच्चारायला माझी जीभ रेटेना.

खाली दार उघडंच होतं. पिंप मधोमध मांडलेलं, साय आत ओतलेली, बरणीच्या तळाशी थोडी राहिलेली. मावशी मागच्या दाराने डहाळी तोडायला बागेत गेल्या होत्या. खिडकीतून त्यांची पाठ दिसत होती. मागितलं तर त्या नाही म्हणणार हे मला माहीत होतं. नाही म्हणाल्या असत्या तर आई दिवसभर उपाशी. मी बरणीतली साय बोटाने वाटीत घेतली, वर तळहात झाकला आणि जिन्यावरून पळाले. पिंपाला हातसुद्धा लावला नाही. आईने दूध कोमट केलं, विरजण लावलं आणि पातेलं ओव्हनमध्ये नुसता दिवा लावून ठेवलं. थंडीत दही लावायची तिची ही युक्ती. मला म्हणाली, दुपारपर्यंत लागेल. मी होईल तितकं साधं तोंड करून पुस्तक घेऊन बसले, आणि तेवढ्यात खालून धप्प, धप्प सुरू झालं.

मी कान लावून बसले होते. आवाज पातळ होईना. नेहमीची वेळ उलटली, मग तेवढीच आणखी उलटली, तरी तोच जड आवाज. शेवटी छताला ठोके पडले, पण दोन नाही, एक. एक म्हणजे मदतीला ये. मी खाली गेले तेव्हा मावशींचा चेहरा घामाने ओला होता. मी कामाला बरकत चिंतली, दांडा हातात घेतला, खांदे दुखेपर्यंत घुसळलं. झाकण काढून बघितलं तर नुसता फेस, पांढरा, मऊ, वाढत चाललेला. मोहरीएवढासुद्धा कण नाही. मावशींनी बाहेरून कोमट पाणी लावलं, मग गार लावलं, मीठ बदललं. मग खुर्चीत बसल्या आणि मला विचारलं, आज सकाळी इथे कुणी आलं होतं का? मी नाही म्हटलं. हे माझ्या आयुष्यातलं पहिलं मोठं खोटं. ते इतक्या सहज निघालं की मलाच त्याची भीती वाटली.

"आल्झो, बरं तर," मावशी म्हणाल्या आणि हसल्या. ते हसू त्यांच्या तोंडावर नीट बसलं नाही. त्यांच्या कोपऱ्यात लाकडाची जुनी शेगडी होती, मे महिन्यातही पेटलेली असायची. त्यांनी तिचं दार उघडलं आणि विस्तव सारायची लोखंडी सळई आत खुपसून ठेवली. माझे वडील असते तर त्यांनी हेच केलं असतं, असं म्हणाल्या, चेष्टेत म्हणावं तसं. पण सळई ठेवताना त्यांचे ओठ त्या तिसऱ्या भाषेत काहीतरी पुटपुटत होते. आज मला वाटतं, ते त्यांनी डोक्याने केलंच नाही. आपण नाही का, मांजर आडवं गेलं की हसत हसत दोन क्षण थांबतो, तसंच. पण मी त्या हसण्याकडे बघतच नव्हते, मी सळईकडे बघत होते. तिचं टोक आधी करडं झालं, मग कडेने लाल व्हायला लागलं. मी उठून पुढच्या दाराशी गेले आणि हळूच कडी घातली. मला कुणी सांगितलं नव्हतं. गोष्टीत कडी होती म्हणून मी घातली.

मग मी वाट बघायला लागले, कारण चोर मीच होते. आता माझ्या पोटात आग पडणार, असं धरून मी पोटावर हात दाबून दाराजवळच्या स्टुलावर बसले. तळहात गरम वाटत होते. पोटात काही होत नव्हतं. उलट त्याने मला जास्तच घाबरायला झालं. मावशी पुन्हा घुसळायला लागल्या होत्या. सळईचं टोक पूर्ण लाल झालं. आणि तेव्हा वर आमचं दार उघडल्याचा आवाज आला.

जिन्यावर पावलं वाजली. एक पायरी, थांबणं, एक पायरी, पुन्हा थांबणं. कुणीतरी कठड्याला धरून उतरत होतं आणि कण्हत होतं, तोंड दाबून, शेजाऱ्यांना ऐकू जाऊ नये असं. मग दाराच्या खरखरीत काचेपलीकडे एक आकार आला. काचेवर हात टेकला, त्याची बोटं मला पांढरी दिसली. "अशू," आई म्हणाली, "दार उघड गं. मावशींना सांग." पुढे तिला बोलता आलं नाही. मला एका क्षणात सगळं समजलं, म्हणजे तेव्हा तसं वाटलं. घेतलं मी होतं, पण गेलं कुणाच्या घरात? पातेलं कुणी लावलं? लोणी आईकडे होतं, म्हणून आग आईच्या पोटात पडली, म्हणून ती दाराशी आली. सगळं गोष्टीत होतं तसंच घडत होतं.

स्वयंपाकघरातून मावशींनी तो आवाज ऐकला. क्षणाचाही विलंब न लावता त्या ओरडल्या, "माख आउफ! तुझी आई आहे, दार उघड!" खुर्ची सरकल्याचा आवाज आला, काठी पडल्याचा आला. त्यांनी एकदाही विचार केला नाही. लोणी, सळई, मेची सकाळ, सगळं त्यांच्या डोक्यातून एका हाकेसरशी गेलं होतं. आणि मी कडीवर हात ठेवून उभी होते आणि उघडत नव्हते. उघडलं तर नेलेलं परत येत नाही. माझ्या घरातून एकदा बाळ गेलं होतं. आता दार उघडलं तर दैव जाईल आणि हेही बाळ जाईल, असं मी धरून चालले होते. पण हे सगळं खरं नाही, किंवा एवढंच खरं नाही. खरं हे की काचेपलीकडच्या त्या आकाराची मला भीती वाटत होती. ती माझी आई आहे हे मला कळत होतं आणि तरी मला तिची भीती वाटत होती. ती पुन्हा "अशू" म्हणाली. मी दाराला पाठ लावली आणि दोन्ही हातांनी कडी दाबून धरली.

आई अजून सांगते की दहा मिनिटं गेली. माझ्या मते दीडेक मिनिट असेल, मावशींना काठीशिवाय भिंतीला धरून तेवढं अंतर यायला लागलं तेवढं. त्यांनी माझी बोटं एकेक करून कडीवरून सोडवली. दार उघडलं तेव्हा आई उंबऱ्यावर बसलेली होती, कपाळ चौकटीला टेकलेलं, साडी ओली. ती आत पडलीच. मावशी त्या खुब्यासकट जमिनीवर बसल्या, तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि मला फोन आणायला सांगितला. पत्ता त्यांनीच सांगितला, शांतपणे, अक्षर अक्षर करून. मग मला म्हणाल्या, वर जा, आईचा मुटरपास घेऊन ये. तपासण्यांच्या नोंदींची ती निळी वही आई फ्रीजवर ठेवायची. मी वर गेले, वही घेतली, आणि ओव्हनचा दिवा दिसला. पातेलं बाहेर काढून मी सगळं दूध सिंकमध्ये ओतलं आणि नळ सोडला. दही लागायला लागलं होतं, गुठळ्या जाळीत अडकत होत्या, त्या मी बोटाने ढकलत होते आणि रडत होते. ॲम्ब्युलन्सचा आवाज चढावावर ऐकू येईपर्यंत मी तेच करत होते.

हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये आम्ही दोघी बसलो होतो. आईला आत नेलं होतं. बाबांना निरोप गेला होता, ते गाडीत होते. मी मावशींना सगळं सांगितलं, वाटी, बरणी, खोटं बोलणं, सगळं. त्यांनी मान हलवली. मग त्यांनी मला त्या गोष्टीचा उरलेला भाग सांगितला. ती विधवा बाई दाराशी येऊन कण्हली, ती तिच्या पोटात खरंच काही बिघडलं होतं म्हणून. मावशींचं घर सगळ्यात जवळ होतं, म्हणून ती तिथे आली. आत सगळे होते, वडील, आई, भावंडं. कुणी उघडलं नाही. संध्याकाळी ती कुंपणाच्या भिंतीपाशी सापडली, आणि दोन दिवसांनी गेली. "मी दाराच्या सगळ्यात जवळ होते," मावशी म्हणाल्या. "नऊ वर्षांची. कडी माझ्या हाताला येत होती." एवढं बोलून त्यांनी माझा हात आपल्या मांडीवर ओढून घेतला. त्यांच्या हाताला अजून आंबट सायीचा वास येत होता. मी विचारलं, लोणी मीच नेलं ना? त्या म्हणाल्या, साय गार होती, तुझ्या बाबांचं बरोबर आहे.

माझा भाऊ चार आठवडे आधी जन्मला, गळ्याभोवती नाळेचा वेढा घेऊन. रंगाने निळसर होता. त्याला काचेच्या पेटीत ठेवलं आणि मी त्याला पहिल्यांदा काचेपलीकडूनच पाहिलं. पुढे कितीतरी दिवस तो जगेल का हे कुणी स्पष्ट सांगत नव्हतं. दार उघडायला वेळ लागला त्याचा याच्याशी काही संबंध नाही, असं डॉक्टरांनी बाबांना दोनदा सांगितलं. बाबांना ते पटलं. आईला नाही. दुसऱ्या दिवशी मावशी फुलं घेऊन आल्या तेव्हा ती उशीला टेकून बसली होती. तिने फुलं घेतली नाहीत. तिने इंग्रजीत विचारलं, मी बाहेर होते, तुम्ही आत होतात, दार का नाही उघडलं? बाबा खाली बघायला लागले. मी पलंगाच्या पायथ्याशी उभी होते. मावशींनी माझ्याकडे पाहिलं, फार थोडा वेळ. मग म्हणाल्या, "मी घाबरले. आमच्याकडे त्या दिवसाबद्दल काही समजुती आहेत. मी उघडलं नाही, अशूलाही उघडू दिलं नाही."

आईने तोंड भिंतीकडे वळवलं. कडी मी धरली होती, हे मी सांगितलं नाही. तोंड उघडलं तर बाळाला काहीतरी होईल अशी माझी पक्की खात्री झाली होती, आणि मग बाळ बरं झालं, घरी आलं, अंगाने भरलं, तरी ते तोंड उघडलंच नाही. नंतर एकदा जिन्यात गाठून मी मावशींना विचारलं, तुम्ही खोटं का बोललात? त्या म्हणाल्या, "सळई मी ठेवली होती. दारही माझंच." वर म्हणाल्या, मुलीने एवढं ओझं उचलायचं नसतं, मला त्याची सवय आहे. खालून लोणी काढल्याचा आवाज त्यानंतर कधी आला नाही. आई त्यांना मावशी म्हणेनाशी झाली, 'खालच्या बाई' म्हणायला लागली, आणि त्या उन्हाळ्यातच आम्ही स्टुटगार्टला घर घेऊन निघून गेलो. सामान निघालं तेव्हा त्या फाटकाशी उभ्या होत्या. आईने बाळाला दुसऱ्या खांद्यावर घेतलं, त्यांना त्याचं तोंड दिसू नये म्हणून. मी गाडीत मागे बसून हे बघितलं आणि सीटबेल्ट लावला.

पुढे मी त्यांना भेटायला जायचे, कॉलेजला गेल्यावर, घरी न सांगता. त्या दर वेळी भावाची चौकशी करायच्या, किती उंच झाला, खातो का नीट. आईची करायच्या नाहीत. त्यांच्या शेवटच्या आजारातही मी दोनदा जाऊन आले. एकदा निघताना म्हणाले, मी आईला सांगते. त्या म्हणाल्या, सांगायचंच असेल तर तुझ्यासाठी सांग, माझ्यासाठी नको. मी सांगितलं नाही. भाऊ आता तीस वर्षांचा धडधाकट माणूस आहे, ड्युसेलडॉर्फला असतो. घरात पाहुणे आले की आई त्याच्या जन्माची गोष्ट सांगते, कशी ती कळा सोसत दाराबाहेर बसली आणि कशी ती अंधश्रद्धाळू म्हातारी आत कडी लावून बसली. लोक च्च च्च करतात. मी चहा आणायला उठते. इतकी वर्षं मी तो चहा करतेय.

माझ्या आठवणींच्या पुस्तकातलं हे प्रकरण लिहायला घेतलं आणि दारापर्यंत आल्यावर हात चालेना. खरं लिहायचं तर आधी आईला सांगायला हवं. मागच्या रविवारी ती माझ्याकडे होती, टेबलाशी बसून मेथी निवडत होती. मी समोर बसले आणि सांगितलं. वाटीपासून सांगितलं, काही गाळलं नाही. ती निवडत राहिली. तिच्या मेथीच्या काड्या एका बाजूला आणि पानं दुसऱ्या बाजूला पडत होती, पुढे पुढे दोन्ही एकाच ढिगात पडायला लागली. मी म्हटलं, तू हाक मारत होतीस आणि मला तुझी भीती वाटली. ती त्यावर म्हणाली, अकरा वर्षांची होतीस गं तू, आणि माझ्या गालाला ओला हात लावला. मला वाटलं संपलं, एवढंच होतं, यासाठी मी आयुष्यभर घाबरले.

मग तिचा हात थांबला. "त्या गेल्या ना?" तिने विचारलं. मी हो म्हटलं, बरीच वर्षं झाली. आईने पानांत मिसळलेली एक काडी उचलून बाजूला ठेवली.

"त्यांना मी बाळाला हातसुद्धा लावू दिला नाही," ती म्हणाली. "आता मी कुणाला सांगू?"